पोटात न्या, पिशवीत नाई

मध्य प्रदेशात जाऊन आले म्हटलं की आमच्या सोसायटीतल्या बायका लगेच विचारतात, खजुराहो की भेडाघाट? मी पांढुर्णा म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात. पांढुर्णा, तिगाव आणि सौंसर या तीन गावांत मी चार दिवस राहून आले. एकही प्रसिद्ध देऊळ पाहिलं नाही, एकही धबधबा पाहिला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा चोरी करताना पकडले गेले. तीही माणसाच्या नीतीवर भाषण देता देता. त्यामुळे सांगण्यासारखं बरंच आहे.

पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर गप्प बसायचं सोडून 'मेंदू आणि नीती' या विषयावर भाषणं देत फिरते. बरोबर एक कापडी पिशवी असते आणि त्यात प्लास्टिकचा मेंदू. तो मधून उघडतो आणि त्याचे आठ तुकडे होतात. प्रवासात त्याचा एखादा तुकडा हमखास हरवतो, मग मी सबंध डब्याला सीटखाली वाकायला लावते.

नोव्हेंबरच्या अखेरीस सुजाताचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता नागपूरला डॉक्टर आहे. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला पंच म्हणून जायचंय." तिचे वडील वामनराव रेल्वेत फाटकवाले होते. त्यांचे पस्तीस वर्षांचे मित्र केशवराव, तिगावचे संत्र्यांचे बागाईतदार. माणूस चांगलं वागतो ते देवामुळे की स्वतःमुळे, यावरून दोघांचं वाजलं होतं आणि आठ महिने बोलणं बंद होतं.

"रविवारी बाबा पांढुर्ण्याचं घर बंद करून कायमचे माझ्याकडे येतायत," सुजाता म्हणाली. "त्याआधी बोलले नाहीत तर मग संपलंच. बाबांना देव चालत नाही, काकांना बाबांचं म्हणणं चालत नाही. मेंदू मात्र दोघांना चालतो. तुम्ही सांगाल ते मान्य करू म्हणतात."

इतका मान मला नवऱ्यानं चाळीस वर्षांत दिला नाही. मी लगेच तिकीट काढलं.

पांढुर्णा, गुरुवार

राज्य बदललं म्हणून मी गाडीतच हिंदीची दोन-तीन वाक्यं घोकून ठेवली होती. फलाटावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ उभे होते. मी म्हटलं, "आप ही वामनराव हैं?" ते म्हणाले, "जयभीम, म्याडम. मराठीत बोला जी. आम्ही काय परदेशातले हाओ काय?"

घर निम्मं खोक्यांत गेलं होतं. भिंतीवर फक्त बुद्धाची तसबीर राहिली होती, ती ते शेवटी काढणार होते. नाश्त्याला तर्री-पोहे होते. पोह्यांवर लाल रश्श्याचा तवंग ओतून खायचे, ही कल्पना पुण्याच्या पोह्यांना सांगितली तर ते बेशुद्ध पडतील. मी दोन बशा खाल्ल्या आणि नाक पुसत बसले.

बाजारातून येताना जिकडेतिकडे संत्र्यांचे ढीग दिसले होते, पण या घरात एकही संत्रं नव्हतं. मी विचारलं, तर वामनराव खोक्याला दोरी बांधत म्हणाले, "मी संत्रं सोडलं."

"डॉक्टरनं सांगितलं?"

"नाई. मीच."

मला वाटलं, पित्त असेल. मी त्यांना संत्र्यातल्या क जीवनसत्त्वावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. फाटकावर नोकरी केलेल्या माणसाला लांबलचक मालगाडी जाऊ द्यायची सवय असते, हे मला नंतर कळलं.

मग त्यांनी आपली बाजू मांडली. "मी रोज सकाळी पंचशील म्हणतो. न दिलेलं घ्यायचं नाई. वर बसून कोणी पाहून राहिला म्हणून नाई, मी ठरवलं म्हणून. रोज ठरवा लागते. एक दिवस ठरवून भागत नाई." मग प्लास्टिकचा मेंदू हातात घेऊन विचारलं, "याच्यात ठरवायची जागा कोणती?"

मी कपाळामागचा भाग दाखवला. हा मेंदूचा ब्रेक. इथं इजा झालेल्या माणसाला बरंवाईट कळतं, पण वेळेवर थांबता येत नाही.

"म्हणजे माझंच खरं," वामनराव म्हणाले.

"निकाल शनिवारी," मी म्हटलं आणि मेंदू पिशवीत टाकला. पंचानं आधीच तोंड उघडू नये.

तिगाव, शुक्रवार

वामनरावांनी मला रिक्षातून तिगावच्या अलीकडे, जिथं त्यांचं फाटक होतं तिथपर्यंत आणलं. आता तिथं फाटक नाही, रुळांखालून रस्ता गेला आहे. ते रिक्षातून उतरलेच नाहीत. "इथून पुढं त्याची हद्द," म्हणाले. पुलाच्या पलीकडे मोटारसायकलवर एक जाडजूड गृहस्थ थांबले होते. गळ्यात माळ, डोक्यावर टोपी, पोट टाकीवर टेकलेलं. मी पिशवी घेऊन एकटी पुलाखालून चालत गेले. दोन देशांत कैद्यांची अदलाबदल होते तशी माझी अदलाबदल झाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण केशवरावांनी मला पहिला प्रश्न हा विचारला, "वाळला काय जी तो?"

"कोण?"

"कोणी नाई. बसा."

घरी त्यांच्या बायकोनं, इंदूकाकूंनी, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली होती. त्या काड्यांना इथं पऱ्हाटी म्हणतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आपण भरीत म्हणतो ही आपली फसवणूक आहे, एवढंच सांगते. जेवताना केशवराव बोलत होते. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि बोलतानाही मध्ये मध्ये सूर लावतात. "आतमध्ये एक पाहणारा बसला हाये, म्याडम. तो सगळं पाहून राहिला. तो नसता त मी पहिला चोर झालो असतो. मेंदूत त्याची जागा दाखवा, माझं एवढंच म्हणणं."

मी सांगितलं की अशी खोली मेंदूत नाही, पण कुणी पाहतंय असं नुसतं वाटलं तरी माणूस सुधारतो, हे खरं आहे. भिंतीवर डोळ्यांचं चित्र असलं तरी तो जरा नीट वागतो.

"म्हणजे माझंच खरं," केशवराव म्हणाले.

जेवण झाल्यावर बागेत गेलो. आंबिया बहाराची, म्हणजे थंडीच्या तोंडावर पिकणारी, संत्री तोडणीला आली होती, फांद्या बांबूंच्या टेकूवर तोलून धरलेल्या. झाडाखाली बसल्याबरोबर केशवरावांनी बागेचा कायदा सांगितला. "इथं कोणीही या, कितीही खा. शंभर खा. सालं झाडाखाली टाका. पण बागेच्या बाहेर एक संत्रं नेता येत नाई. पोटात न्या, पिशवीत नाई. माझ्या आज्यापासून हेच चालून राहिलं. पाहुणा असो नाईतर पाटील."

"आणि कुणी नेलंच तर?"

"त त्यानं ते परत आणायचं, अन् इथंच बसून आमच्यासमोर खायचं. बस. शिक्षा नाई. पण लाज वाटते."

मी नऊ संत्री खाल्ली. नववं खाताना केशवराव मोटार बंद करायला विहिरीकडे गेले, तेव्हा इंदूकाकू जवळ सरकल्या आणि खरी गोष्ट सांगितली.

मार्चमध्ये पांढुर्ण्याच्या एका चहाच्या टपरीवर दोघं वाद घालत होते. केशवराव म्हणाले, देवाचा धाक नसता तर माणसानं माणसाला खाल्लं असतं. वामनरावांनी विचारलं, मग मी तुला कधी खाल्लं? त्यावर केशवराव हसून म्हणून गेले, "मले नाई, पण माझे संत्रे त पस्तीस साल खाऊनच राहिला ना." टपरीवरची माणसं हसली. वामनरावांनी अर्धा चहा खाली ठेवला आणि निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी बागेत पाऊल टाकलं नाही आणि संत्रं तोंडात घातलं नाही.

"यायनं मस्करी केली जी," काकू म्हणाल्या. "पण चार लोकांत केली. वामनभाऊच्या माणसायले खाण्यापिण्यावरून लोकायनं पिढ्यान्‌पिढ्या काय काय ऐकवलं हाये, हे यायले समजाले पाहिजे होतं. समजलं बी. त्या दिवशी जेवले नाई."

"मग माफी का नाही मागितली?"

"म्हणते, वामन्याले पहिले देव हाये म्हणून मान म्हणा." काकूंनी साल फेकलं. "आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावचे लोक नदीच्या काठांवरून एकमेकायले दगड मारते. डोकी फुटते. अन् तिसऱ्या दिवशी एकमेकायले पट्टी कशी हाये विचारते. या दोघायनं एक दगड नाई मारला, अन् आठ महिने झाले."

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. सातशे किलोमीटरवरून मला मेंदूचा निकाल द्यायला बोलावलं आणि भानगड एका वाक्याची निघाली. मी त्या माणसाला क जीवनसत्त्वावर भाषण दिलं होतं, ते आठवून तर कानशिलं गरम झाली.

काकू चहाचं बघायला उठल्या. मी एकटी राहिले. माझ्या नाकासमोर एक संत्रं लोंबत होतं, बाकीच्यांपेक्षा जरा मोठं, खाली गाल चपटा. पुढच्या क्षणी ते पिशवीत होतं, प्लास्टिकच्या मेंदूशेजारी. त्यानंतर मला आठवलं की वामनरावांना ते आवडेल. त्यांच्यासाठीच तर घेतलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी पुन्हा पुलाखालून माझी अदलाबदल झाली. घरी गेल्यावर मात्र वामनरावांना संत्रं द्यायचा धीर झाला नाही. सकाळी आवराआवरीत मी ते विसरून गेले.

सौंसर, शनिवार

एकानं दुसऱ्याच्या गावात पाऊल ठेवायचं नाही, म्हणून निकालासाठी सौंसर ठरलं होतं. तिथं एका मंगल कार्यालयाचा लहान हॉल घेतला होता. वामनराव मला घेऊन बसनं आले, बरोबर विहारातली दहा-बारा मंडळी. केशवराव इंदूकाकू आणि भजनी मंडळासह जीपमधून आले. मधली वाट सोडून दोन्ही पक्ष दोन्ही बाजूंना बसले, लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष बसतो तसे. सुपारी फोडायचं काम माझ्याकडे होतं.

मी जोरात सुरुवात केली. माणसाच्या नीतीचं मूळ कुठं आहे, ते आज आपण डोळ्यांनी पाहणार आहोत, असं म्हणून मी पिशवीत हात घातला आणि उंच धरून म्हटलं, "हा पाहा मानवी मेंदू."

हॉलमधले सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. मग जवळच्या रामाकोन्याहून आलेली एक म्हातारी मजूर बाई पहिल्या रांगेतून शांतपणे म्हणाली, "बाई, ते संत्रं हाये."

मी वर पाहिलं. हातात संत्रं होतं. खाली गाल चपटा.

"अन् ते आमच्या बागेचं हाये," इंदूकाकू म्हणाल्या. त्या खोटं बोलू शकत नाहीत, हा त्यांचा दोष आहे. "विहिरीकडच्या झाडाचं. त्याचे सारे संत्रे असेच बसके येते."

भजनी मंडळाला तो कायदा ठाऊक होता. विहारातल्या मंडळींनाही ठाऊक होता, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांनी त्या बागेत मजुरीनं संत्री तोडली होती. तीस वर्षं मुलांना कॉपी करताना पकडत आलेली मी बाई हातात मुद्देमाल धरून उभी होते. माझे कान, मान, पाठ सगळं तापलं.

केशवराव उठले. "असू द्या जी. मी दिलं समजा. पाहुण्या हाये."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं वामनराव उठले. "असं समजता येत नाई. घेतल्यावर दिलं म्हणलं त ते दिलेलं होत नाई."

"तुले कोण विचारून राहिला?" केशवराव म्हणाले. "बाग माझी, संत्रं माझं."

"कायदा बी तुझाच ना. पाहुणा असो नाईतर पाटील. मी पस्तीस साल ऐकून राहिलो."

दोघं थबकले. आठ महिन्यांत ते पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते, आणि ते माझ्या शिक्षेबद्दल. सबंध हॉल माझ्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघायला लागला. मला तेवढीच उसंत मिळाली.

त्या उसंतीत मी ठरवलं की तयार भाषण बाजूला ठेवायचं. म्हटलं, "मी हे वामनरावांसाठी घेतलं."

वामनरावांनी चमकून पाहिलं.

"असं मी काल स्वतःला सांगितलं," मी पुढं म्हटलं. "पण ते खरं नाही. आधी माझा हात गेला. कारण मागून आलं. मेंदूत हे रोज होतं. इच्छा पुढं पळते आणि आपली बुद्धी वकिलासारखी मागून कागद घेऊन येते. कपाळामागचा ब्रेक माझ्याकडेही आहे, तो मी वापरला नाही, कारण मला न घेण्याची सवय लावलेली नाही. वामनराव रोज सकाळी म्हणतात ती हीच सवय. रोज म्हटल्यानं मेंदूत वाट पडते, आणि ऐन वेळी पाय त्या वाटेनं जातात. केशवरावांचा आतला पाहणाराही मेंदूला कळतो. पण खरं सांगू का, काल बागेत मला देव आठवला नाही आणि कुठलं शीलही आठवलं नाही. आज या बाईंनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा लाज वाटली. ज्यांच्या मनातून आपण उतरू नये असं वाटतं, त्यांच्या नजरेची लाज."

मला हे भाषण म्हणून बरं जमलं असं वाटत होतं, पण माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. केशवराव मधल्या वाटेत येऊन उभे होते.

"म्याडम, मी याले फाटकावर भेटलो पहिल्यांदा," ते म्हणाले. "ट्रॅक्टरभर संत्रं होतं, वरून ऊन. फाटक बंद. गाडीचा पत्ता नाई, पाहाले कोणी नाई. मी पाया पडलो, शिव्या देल्या. यानं फाटक उघडलं नाई त नाई. तेव्हाच म्हणलो, या माणसाच्या आत देव बसला हाये. अन् हा मलेच म्हणते, देव नाई."

"माझ्या आत कोणी नव्हता बसला," वामनराव म्हणाले. "गाडीत बसले होते. हजार लोक. लेकरंबाळं. मले त्यायचे तोंडं दिसत होते."

केशवरावांचा सूर एकदम गेला. खालच्या आवाजात म्हणाले, "वामन्या, ते टपरीवरचं बोलणं माझं चुकलं. चार लोकांत बोललो, चार लोकांत सांगतो. तुयासाठी संत्रं न्यायले म्याडमले चोरी करा लागली, याच्यापेक्षा मले कोणती लाज पाहिजे? तुले देव मानायचा त मान, नको मानू. बागेत ये, बाप्पा."

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्या हातातल्या संत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पहिले म्याडमची शिक्षा होऊ दे."

निकाल कुणीच विचारला नाही. रामाकोन्याच्या बाईंनी मात्र जाताना प्लास्टिकचा मेंदू मागून घेऊन, उघडून, पुन्हा नीट मिटवून दिला. एक तुकडा त्यांच्या पिशवीत राहिला नाही ना, हे त्यांनी मला पिशवी उलटी करून दाखवलं. मला ते लागलं, पण बोलायला तोंड नव्हतं.

पुन्हा तिगाव, रविवार

या वेळी पुलाजवळ रिक्षा थांबली नाही. वामनराव रिक्षावाल्याला म्हणाले, "चल पुढं." बागेत भजनी मंडळ हजर होतं, विहारातले चार जण होते, आणि मी मधोमध चटईवर. माझं संत्रं दोन दिवसांत जरा सुकलं होतं. सोललं तर दहा फोडी निघाल्या. पहिली फोड खाताना सगळे माझ्या जबड्याकडे पाहत होते. आयुष्यात इतकं अवघड फळ मी खाल्लं नाही. चार फोडी कशाबशा गिळल्या आणि उरलेल्या वामनरावांपुढं धरल्या.

ते म्हणाले, "हे तुमची शिक्षा हाये. मी कायले खाऊ?" मग उठले, विहिरीकडच्या झाडापाशी गेले आणि त्याच्याखाली उभे राहिले. तोडलं नाही. नुसते उभे राहिले.

केशवरावांना कळायला जरा वेळ लागला. मग ते पोट सावरत उठले, एक बसकं संत्रं तोडलं आणि दोन्ही हातांनी मित्राच्या ओंजळीत ठेवलं. "घे. दिलं. आता त झालं ना दिलेलं?"

वामनरावांनी अकरा खाल्ली. मी मोजली, कारण माझा नऊचा आकडा मोडला.

दुपारच्या गाडीला केशवराव पांढुर्ण्याच्या स्टेशनवर आले. वामनरावांची सहा खोकी, बुद्धाची तसबीर आणि माझी पिशवी, सगळं त्यांनी डब्यात चढवलं. माझी पिशवी चढवण्याआधी हातानं चाचपून पाहिली. मी तोंड फिरवलं. ते स्वतः मात्र रिकाम्या हातांनी आले होते. संत्र्यांच्या गावातून मुलीकडे कायमचा चाललेला मित्र, आणि सोबत एक टोपलीसुद्धा नाही.

गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चालत म्हणाले, "संत्रे आणले नाई. कायदा म्हणजे कायदा. खायचे असतील त या लागते."

वामनराव खिडकीच्या गजावर हात ठेवून मागं बघत बसले. नरखेड यायच्या आत मात्र त्यांनी समोरच्या प्रवाशाला विचारलं, नागपूरहून पांढुर्ण्याला सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते. पस्तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला ती वेळ ठाऊक होती. बदलली तर नाही ना, याची त्यांना खात्री करायची होती.